मोलाचा हिशेब : आम्ल आणि कार्बोनेट यांची उदाहरणे कशी सोडवावीत

शाळेच्या स्मरणिकेत आठवणी असतात, मनोगते असतात, संस्थेच्या वाटचालीचा आढावा असतो. अशा अंकात रसायनशास्त्रातील उदाहरणे कशी सोडवावीत यावर लेख कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. शाळेत विज्ञान शिकवणारे आम्ही शिक्षक त्याची दोन कारणे सांगू इच्छितो.

पहिले कारण विद्यार्थ्यांचे आहे. दहावीपर्यंत विज्ञानात चांगले गुण मिळवणारा विद्यार्थी अकरावीत गेला की मोल, मोलारिटी आणि द्रावणांची उदाहरणे यांच्यापाशी अडखळतो. मराठी माध्यमातून गेलेल्या मुलामुलींवर तेथे नवी भाषा आणि नवी संकल्पना एकाच वेळी येऊन पडतात. ‘विज्ञान आपल्यासाठी नाही’ असा ग्रह करून काही जण शाखा बदलतात. वस्तुतः उणीव बुद्धीची नसते. एक हिशेब कोणी शांतपणे समजावून दिलेला नसतो, इतकेच.

दुसरे कारण धाटावचे आहे. रोहा आणि कोलाड यांच्या दरम्यान, कुंडलिकेच्या काठी वसलेल्या या गावाचे नाव आज रासायनिक कारखान्यांच्या औद्योगिक वसाहतीमुळे सर्वत्र ठाऊक आहे. येथे आम्लांचे टँकर येतात आणि सोडा अॅश व चुन्याच्या गोण्याही येतात. आपल्या विद्यार्थ्यांचे अनेक पालक आणि माजी विद्यार्थी या वसाहतीत काम करतात. काही प्रयोगशाळेत, काही यंत्रावर, तर बरेच जण कंत्राटी कामगार म्हणून टाक्या, नाल्या आणि गोण्या यांच्याजवळ. पाठ्यपुस्तकातील ‘आम्ल आणि कार्बोनेट’ हा धडा त्यांच्यासाठी रोजचा व्यवहार आहे, आणि त्यातील आकडा चुकला तर गुण जातात त्याहून मोठी किंमत मोजावी लागते. म्हणून हा हिशेब केवळ विद्यार्थ्यांसाठी नव्हे, तर घरातील प्रत्येकाला समजावा अशा रीतीने येथे मांडत आहोत.

अभिक्रिया कोणती?

खाण्याच्या सोड्यावर लिंबू पिळले की फेस येतो. संगमरवरी फरशीवर आम्ल सांडले की ती फसफसते आणि तिची चकाकी जाते. दोन्ही ठिकाणी घडते ते एकच : आम्ल आणि कार्बोनेट (किंवा बायकार्बोनेट) एकत्र आले की क्षार, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. फेस म्हणजे हा बाहेर पडणारा वायू.

आपल्या रायगड जिल्ह्यातील दगड मुख्यत्वे काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट आहे. कुडा येथील बौद्ध लेणी ज्या दगडात कोरली आहेत तोच हा दगड. तो आम्लाने फसफसत नाही, कारण तो कार्बोनेटचा बनलेला नाही. चुनखडीचा दगड सहज मिळत नसल्याने कोकणात चुना भाजला गेला तो समुद्रकाठच्या शिंपल्यांचा. शिंपला हा जवळजवळ सगळा कॅल्शिअम कार्बोनेटचाच असतो. कुंडलिका जेथे समुद्राला मिळते त्या रेवदंड्याच्या किनाऱ्यावरचा मूठभर शिंपला विद्यार्थ्याला हा धडा शिकवायला पुरेसा आहे.

मोल म्हणजे काय?

बाजारात केळी डझनाने आणि नारळ शेकड्याने मोजतात. पण खिळे कोणी मोजून देत नाही. ते किलोवर मिळतात. एका खिळ्याचे वजन ठाऊक असेल, तर किलोभर खिळ्यांत किती नग आहेत हे न मोजता सांगता येते. रसायनशास्त्रातील मोल ही कल्पना याहून वेगळी नाही. रेणू इतके लहान आहेत की ते मोजता येत नाहीत. म्हणून ते वजन करून मोजायचे.

डझन म्हणजे १२, शेकडा म्हणजे १००, तसा एक मोल म्हणजे सुमारे ६०२२ या आकड्यापुढे वीस शून्ये इतके कण. ही संख्या पाठ नसली तरी उदाहरणे अडत नाहीत. लक्षात ठेवायचे ते इतकेच, की पदार्थाचे रेणुवस्तुमान जितके, तितक्या ग्रॅममध्ये त्याचा एक मोल असतो. कॅल्शिअमचे ४०, कार्बनचे १२ आणि ऑक्सिजनच्या तीन अणूंचे ४८ मिळून कॅल्शिअम कार्बोनेटचे रेणुवस्तुमान १०० होते. म्हणून १०० ग्रॅम शुद्ध कॅल्शिअम कार्बोनेट म्हणजे एक मोल. याच रीतीने हायड्रोक्लोरिक आम्लाचा मोल ३६.५ ग्रॅम, सल्फ्युरिक आम्लाचा ९८ ग्रॅम, सोडा अॅशचा, म्हणजे सोडिअम कार्बोनेटचा, १०६ ग्रॅम आणि कार्बन डायऑक्साइडचा ४४ ग्रॅम.

द्रावणात एक गोष्ट वाढते. एक लिटर द्रावणात जितके मोल विरघळलेले असतात, ती त्या द्रावणाची मोलारिटी. मोलारिटीला लिटरमधील आकारमानाने गुणले की मोल मिळतात. येथे मिलिलिटरचे लिटर करायचे राहिले, की उत्तर हजारपट चुकते. उत्तरपत्रिका तपासताना हीच चूक सर्वाधिक आढळते.

चार पायऱ्या

या प्रकारचे कोणतेही उदाहरण चार पायऱ्यांत सुटते. पहिली : अभिक्रियेचे संतुलित समीकरण लिहावे. दुसरी : दिलेली माहिती, मग ती ग्रॅममध्ये असो, मिलिलिटरमध्ये असो वा टक्क्यांत, तिचे मोलमध्ये रूपांतर करावे. तिसरी : समीकरणातील प्रमाण लावावे. चौथी : आलेले मोल प्रश्नात मागितलेल्या एककात परत न्यावेत. ग्रॅमवरून थेट ग्रॅमवर उडी मारू नये. वाट नेहमी मोलावरूनच जाते.

यांतील तिसरी पायरी निर्णायक आहे. समीकरण पाहू :

कॅल्शिअम कार्बोनेट (१ मोल) + हायड्रोक्लोरिक आम्ल (२ मोल) → कॅल्शिअम क्लोराइड (१ मोल) + पाणी (१ मोल) + कार्बन डायऑक्साइड (१ मोल)

एका कार्बोनेटला दोन हायड्रोजन लागतात. हायड्रोक्लोरिक आम्लाचा रेणू एकच हायड्रोजन देतो, म्हणून असे दोन रेणू लागतात. सल्फ्युरिक आम्लाचा रेणू दोन हायड्रोजन देतो, म्हणून तेथे प्रमाण एकास एक राहते. खाण्याच्या सोड्यातील बायकार्बोनेटला मात्र एकच हायड्रोजन पुरतो. कोणाकडे किती हायड्रोजन आहेत आणि कोणाला किती हवेत, एवढे पाहिले की समीकरण आपोआप संतुलित होते.

दोन्ही पदार्थ दिलेले असतील आणि कोणता आधी संपतो हे ठरवायचे असेल, तर बैलगाडीचा दाखला घ्यावा. एका गाडीला दोन बैल लागतात. गाड्या दहा आणि बैल चौदा असतील तर सातच गाड्या निघतील. तीन गाड्या उभ्या राहतील. बैलांची संख्या गाड्यांहून अधिक असूनही कमी पडले ते बैलच. जो पदार्थ असा आधी संपतो त्याला मर्यादक अभिकारक म्हणतात, आणि उत्तर त्याच्यावरून काढायचे असते.

पहिले उदाहरण : आम्लाची तीव्रता

समजा, २.६५ ग्रॅम शुद्ध, कोरडे सोडिअम कार्बोनेट पाण्यात विरघळवून २५० मिलिलिटर द्रावण केले. त्यातील २५ मिलिलिटर पिपेटने शंकुपात्रात घेतले, मिथिल ऑरेंज हा दर्शक घातला आणि ब्युरेटमधून हायड्रोक्लोरिक आम्ल सोडले. पिवळा रंग नारिंगी होईपर्यंत २० मिलिलिटर आम्ल लागले. आम्लाची मोलारिटी किती?

२.६५ भागिले १०६ म्हणजे ०.०२५ मोल. ते २५० मिलिलिटरमध्ये आहेत. आपण घेतले त्याचा दहावा भाग, म्हणजे ०.००२५ मोल. प्रमाण एकास दोन, म्हणून आम्लाचे मोल ०.००५. ते ०.०२० लिटरमध्ये होते. ०.००५ भागिले ०.०२० म्हणजे ०.२५. आम्ल ०.२५ मोलार आहे.

प्रमाणाची पायरी विसरणारा विद्यार्थी ०.१२५ असे उत्तर लिहितो. दुसरी एक सूक्ष्म गोष्ट येथे लक्षात घ्यावी. मिथिल ऑरेंजऐवजी फिनॉल्फ्थॅलिन वापरले असते, तर गुलाबी रंग १० मिलिलिटरलाच नाहीसा झाला असता. कारण आम्ल कार्बोनेटशी दोन टप्प्यांत वागते : पहिल्या हायड्रोजनने कार्बोनेटचे बायकार्बोनेट होते, दुसऱ्याने त्याचे पाणी व कार्बन डायऑक्साइड होते. फिनॉल्फ्थॅलिन पहिला टप्पा संपल्याचे दाखवते, मिथिल ऑरेंज दुसरा. दर्शक कोणता वापरला हे वाचल्याशिवाय प्रमाण लावू नये.

दुसरे उदाहरण : शिंपल्यात कार्बोनेट किती?

शिंपल्याची पूड पाण्यात विरघळत नाही, आणि आम्ल थेंबथेंब सोडले तर अभिक्रिया शेवटी फार मंदावते. त्यामुळे तिचे थेट अनुमापन नीट होत नाही. येथे उलटा मार्ग धरतात : आधी मुद्दाम जास्त आम्ल घालायचे, मग किती उरले ते मोजायचे.

समजा, १.०० ग्रॅम कोरडी पूड घेतली आणि तीवर ०.५० मोलार हायड्रोक्लोरिक आम्ल ५० मिलिलिटर घातले. फसफसणे थांबल्यावर द्रावण गरम करून विरघळलेला वायू घालवला. उरलेल्या आम्लाच्या उदासिनीकरणाला ०.२५ मोलार सोडिअम हायड्रॉक्साइड २४ मिलिलिटर लागले.

घातलेले आम्ल : ०.५० गुणिले ०.०५० म्हणजे ०.०२५ मोल. उरलेले आम्ल : ०.२५ गुणिले ०.०२४ म्हणजे ०.००६ मोल, कारण सोडिअम हायड्रॉक्साइड आणि हे आम्ल यांचे प्रमाण एकास एक आहे. म्हणजे शिंपल्याने ०.०१९ मोल आम्ल घेतले. प्रमाण दोनास एक, म्हणून कॅल्शिअम कार्बोनेट ०.००९५ मोल, म्हणजेच ०.९५ ग्रॅम. पुडीत कार्बोनेट ९५ टक्के.

हातात घेतलेला आणि शेवटी उरलेला, यांतील फरक म्हणजे खर्च झालेला. घरातील महिन्याचा हिशेब ज्या माउलीने ठेवला आहे, तिला हे उदाहरण समजावून सांगावे लागणार नाही.

तिसरे उदाहरण : सांडलेले आम्ल

आता प्रयोगशाळेतून बाहेर येऊ. ३० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाची घनता लिटरला सुमारे १.१५ किलो असते. असे एक हजार लिटर आम्ल गळले, तर त्याच्या उदासिनीकरणाला सोडा अॅश किती लागेल?

हजार लिटरचे वजन ११५० किलो. त्याच्या ३० टक्के म्हणजे ३४५ किलो शुद्ध आम्ल. ३,४५,००० ग्रॅम भागिले ३६.५ म्हणजे सुमारे ९४५० मोल. सोडा अॅश त्याच्या निम्मी, म्हणजे ४७२५ मोल. त्याला १०६ ने गुणले की सुमारे ५०० किलो येतात. पन्नास किलोच्या दहा गोण्या. ‘दोनचार गोण्या टाकल्या, आता काही भीती नाही’ असे कोणी म्हटले, तर ते खरे की खोटे हे चार ओळींच्या गणिताने ठरते.

हिशेब येथेच थांबवू नये. सोडा अॅशच्या प्रत्येक मोलामागे कार्बन डायऑक्साइडचा एक मोल सुटतो. वायूचा एक मोल खोलीच्या तापमानाला सुमारे २४ लिटर जागा व्यापतो. (पाठ्यपुस्तकातील २२.४ लिटर हा आकडा शून्य अंश सेल्सिअसचा आहे.) ४७२५ गुणिले २४ म्हणजे १,१३,४०० लिटर, अर्थात सुमारे ११३ घनमीटर. सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशी शाळेची एक संपूर्ण वर्गखोली या वायूने भरून वर थोडा उरेल. शिवाय तीव्र आम्लातून आम्लाचे दाहक धूर निघतात आणि उदासिनीकरणात उष्णता निर्माण होते. म्हणूनच रस्त्यावर आम्लाचा टँकर उलटला तर गर्दीने जवळ जाऊ नये, वारा ज्या दिशेने येतो त्या बाजूला दूर उभे राहावे आणि काम प्रशिक्षित पथकावर सोपवावे. हिशेब समजणे म्हणजे स्वतः गोणी उचलून धावणे नव्हे.

कार्बोनेटऐवजी विरी गेलेला चुना वापरला तर वायू सुटत नाही आणि वजनही कमी, सुमारे ३५० किलो, लागते. पण चुना जास्त पडला तर पाण्याचा सामू १२ च्या पुढे जाऊ शकतो; म्हणजे आम्लाचे संकट जाऊन दाहक अल्काचे येते. चुनखडी जास्त पडली तरी इतका धोका नसतो, कारण न वापरलेली चुनखडी बहुतांशी खाली बसून राहते. सल्फ्युरिक आम्लाच्या बाबतीत चुनखडीची वेगळी अडचण येते : तयार होणारा जिप्सम फारसा विरघळत नाही, तो खड्यांवर थर धरतो आणि आतले कार्बोनेट आम्लाला भेटतच नाही. कागदावर पुरेसे ठरलेले प्रमाण तेथे प्रत्यक्षात अपुरे पडते. समीकरण किती लागेल ते सांगते. किती वेळात आणि किती पूर्णपणे, ते सांगत नाही.

चौथे उदाहरण : सांडपाण्याचा सामू

सामू, ज्याला कारखान्यात सर्व जण पीएच म्हणतात, हा आकडा धाटावमध्ये रोज कानावर पडतो. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधील सर्वसाधारण मानकांनुसार नदीनाल्यांत सोडायच्या सांडपाण्याचा सामू ५.५ ते ९ यांच्या दरम्यान असावा लागतो.

दहा हजार लिटरच्या एका टँकरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्लाचे असे पाणी आहे, की त्याचा सामू २ आहे. सामू २ म्हणजे लिटरला ०.०१ मोल. दहा हजार लिटरमध्ये १०० मोल. सोडा अॅश ५० मोल, म्हणजे ५.३ किलो. सामू १ असता, तर ५३ किलो लागली असती. सामू ३ असता, तर अवघा अर्धा किलो. सामू एका अंकाने घसरला की आम्ल दसपट होते. ‘दोनच्या जागी एक, फरक तो काय’ असे म्हणणाऱ्याला हा फरक गोणीच्या भाषेत सांगावा.

‘भरपूर पाणी मिसळले की झाले’ हेही तपासून पाहावे. सामू २ वरून ५.५ वर केवळ शुद्ध पाणी मिसळून यायचे, तर सुमारे ३१६० पट पातळ करावे लागेल. दहा हजार लिटरचे ते तीन कोटी लिटरहून अधिक पाणी झाले. आम्ल मात्र तितकेच राहिले, फक्त पसरले.

आणखी एक खबरदारी. हायड्रोक्लोरिक आम्लासारखे तीव्र आम्ल असेल तरच सामूवरून मोल काढता येतात. व्हिनेगरमधील अॅसिटिक आम्ल सौम्य आहे. त्याच्या ०.१ मोलार द्रावणाचा सामू सुमारे २.९ असतो, तर तितक्याच संहतीच्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा १. पण दोघांच्या पूर्ण उदासिनीकरणाला सोडा अॅश सारखीच लागते. नुसता सामू पाहून पहिल्याला जवळजवळ काहीच लागणार नाही असे वाटेल, आणि ते चूक ठरेल. सांडपाण्यात अशी अनेक आम्ले एकत्र असू शकतात. म्हणून प्रक्रिया केंद्रात सामूच्या आकड्यावर न विसंबता नमुन्याचे अनुमापन करावे लागते. पहिल्या उदाहरणातील ब्युरेट येथे कामाला येते.

टाकीतील वायू

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा परिच्छेद हा आहे, आणि तो पालकांसाठी आहे. एक किलो चुनखडी पुरेशा आम्लात पडली की १० मोल, म्हणजे सुमारे २४० लिटर कार्बन डायऑक्साइड निघू शकतो. दोन हजार लिटरच्या, वरून अरुंद तोंडाच्या टाकीत हा वायू साठला, तर आतल्या हवेत त्याचे प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास जाते. कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी मान्य मर्यादा अर्धा टक्का आहे. ४ टक्क्यांना तो जिवाला तात्काळ धोकादायक समजला जातो. १० टक्क्यांच्या पुढे माणूस काही मिनिटांतच बेशुद्ध होऊ शकतो. या वायूला रंग नाही, ओळखू येईल असा वास नाही, आणि हवेपेक्षा तो दीडपट जड असल्याने तळाशी बसतो. नेमका तेथे, जेथे सफाईसाठी माणूस वाकतो. टाकीतील गाळात सल्फाइड असेल आणि त्यावर आम्ल पडले, तर हायड्रोजन सल्फाइड निघतो. तो याहूनही कितीतरी विषारी आहे.

कारखाने अधिनियम, १९४८ चे कलम ३६ अशा बंदिस्त जागांसाठीच होते. आतील वायू काढून टाकण्याची व्यवस्था झाल्याखेरीज आणि सक्षम व्यक्तीने लेखी प्रमाणपत्र दिल्याखेरीज, अथवा योग्य श्वसनसाधन आणि बाहेरून धरलेल्या दोराशी जोडलेला पट्टा असल्याखेरीज, कोणालाही आत उतरवता येत नसे. ‘पाचच मिनिटांचे काम आहे’ असे सांगितले गेले तरी कामगाराने आजही असे प्रमाणपत्र मागावे. एक बेशुद्ध पडला म्हणून दुसऱ्याने तसेच आत उतरू नये. तोही तेथेच राहतो. गटारे आणि टाक्या यांत उतरण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या वाट्याला आले, हे आपल्या समाजाला सांगायला नको. २४० लिटरचा हा आकडा म्हणूनच प्रत्येक घरात ठाऊक असावा असे आम्हांस वाटते.

आकडा स्वतः तपासावा

आपल्या शाळेत मुले रोज वंदना म्हणतात. तथागतांच्या धम्माचे वर्णन त्यात ‘एहिपस्सिको’ या शब्दाने येते : या आणि स्वतः पाहा. कालाम सुत्तातही ऐकीव गोष्ट, परंपरा किंवा गुरूचा मान एवढ्यावर विसंबून काही स्वीकारू नये असा उपदेश आहे. विज्ञानाच्या तासाला आमची अपेक्षा याहून वेगळी नाही. पुस्तकातील उत्तर पाहून गणित जुळवू नये. समीकरणापासून सुरुवात करून आपले उत्तर आपण काढावे, आणि मग ते पुस्तकाशी ताडून पाहावे.

याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील महाड येथे, २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून पाण्यावरील माणसाचा समान हक्क प्रस्थापित केला. तो हक्क ज्यांनी मिळवून दिला त्यांच्या नातवंडां-पणतवंडांपुढे आज पाण्याचा दुसरा प्रश्न आहे : ते पाणी कसे आहे, त्यात काय मिसळले आहे आणि किती. या प्रश्नाला घोषणेने उत्तर देता येत नाही. त्याला नमुना घ्यावा लागतो, ब्युरेट वाचावी लागते आणि मोलात हिशेब मांडावा लागतो.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी उद्या प्रक्रिया केंद्रातील रसायनतज्ज्ञ होईल, कोणी कारखाना निरीक्षक, कोणी पाळीवरचा ऑपरेटर, कोणी ग्रामपंचायतीचा सदस्य. प्रत्येकापुढे कधी ना कधी एक आकडा ठेवला जाईल आणि त्यावर सही मागितली जाईल. त्या वेळी त्याने कागद क्षणभर बाजूला ठेवून चार पायऱ्या मांडाव्यात. माजी विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे : आपल्या घरी, शेजारी, वस्तीत अकरावीला बसलेला एखादा मुलगा किंवा मुलगी मोलारिटीपाशी अडली असेल, तर एका रविवारी तासभर तिच्याजवळ बसावे. तेवढे पुरते.